न झालेल्या पडझडीचा हिशेब

१० जानेवारी २००९ रोजी, बराक ओबामांचा शपथविधी दहा दिवसांवर आलेला असताना, त्यांच्या दोन अर्थसल्लागारांनी एक छोटा अहवाल प्रसिद्ध केला. लिहिणारे होते क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन. रोमर बर्कलीच्या प्राध्यापक. १९३० च्या महामंदीच्या अभ्यासासाठी त्यांचं नाव होतं. अहवालात एक आलेख होता आणि त्यात दोन रेषा. सरकारने मोठं पॅकेज दिलं तर बेकारी कुठवर जाईल हे एका रेषेत, आणि दिलं नाही तर कुठवर, हे दुसरीत. पहिली ८ टक्क्यांच्या थोडी खाली वळत होती, दुसरी ९ टक्क्यांपर्यंत चढत होती.

प्रत्यक्षात त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतली बेकारी १० टक्क्यांवर गेली. पॅकेज दिलंच नाही तर काय होईल म्हणून जी रेषा दाखवली होती, तिच्याही वर. विरोधकांनी मग हा आलेख हत्यारासारखा वापरला. तुम्हीच काढलेलं चित्र, तुम्हीच दिलेला आकडा, आणि ७८७ अब्ज डॉलर खर्चून परिस्थिती काहीच न करण्यापेक्षाही वाईट! एवढ्या सोप्या युक्तिवादाला उत्तर द्यायचं तर अर्धा तास लागतो, आणि निवडणुकीच्या सभेत अर्धा तास कोणी देत नाही.

ते उत्तर मात्र खरं होतं, म्हणून इथे सविस्तर देतो. अहवाल लिहिला जात होता तेव्हा अमेरिका किती खोल खड्ड्यात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लेहमन ब्रदर्स ही बँक १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली. त्यानंतरच्या तिमाहीत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरात, अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के वेगाने आक्रसली असा पहिला सरकारी अंदाज जानेवारीअखेर आला. पुढे आकडे सुधारत गेले आणि तीच घसरण ८ टक्क्यांहून जास्त होती हे समोर आलं. दुपटीपेक्षा मोठी चूक, तीही निर्णय घ्यायच्या ऐन वेळी. बेकारीचं तर असं, की पॅकेजच्या कायद्यावर सही झाली त्या फेब्रुवारीतच ती ८ टक्क्यांच्या पुढे गेलेली होती. म्हणजे आलेखातली ‘पॅकेजसहची’ रेषा पॅकेजचा पहिला डॉलर तिजोरीतून बाहेर पडण्याआधीच चुकली होती. चूक औषधाच्या गुणाची नव्हती, रोगाच्या मोजमापाची होती. आणि रोग मोठा निघाला तर त्यावरून औषध कमी पडलं एवढंच सिद्ध होतं.

रोमर यांना स्वतःला तसं आधीपासून वाटत होतं. अर्थव्यवस्थेतली तूट पूर्ण भरायची तर सुमारे १.८ ट्रिलियन डॉलर लागतील असा त्यांचा हिशेब डिसेंबर २००८ मध्ये झाला होता. तो आकडा ओबामांच्या हातात पडलेल्या टिपणात आला नाही. आर्थिक सल्लागारांचे प्रमुख लॅरी समर्स यांनी तो राजकीयदृष्ट्या अशक्य म्हणून आधीच गाळला, हे पुढे पत्रकारांनी उघड केलं. पॉल क्रुगमन न्यूयॉर्क टाइम्सवरच्या आपल्या ब्लॉगमध्ये त्याच जानेवारीत बजावत होते की पॅकेज तोकडं पडलं तर बेकारी चढी राहील, विरोधक ‘बघा, सरकारी खर्चाने काही होत नाही’ म्हणतील आणि दुसरी संधी मिळणार नाही. तसंच घडलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ती ही गोष्ट. नेत्याला काय पचेल याचा अंदाज सल्लागारांनीच बांधायचा आणि खरा आकडा वाटेतच थांबवायचा, हा दोष कुठल्याही सचिवालयात सापडेल. इथे त्याची किंमत लाखो कुटुंबांनी मोजली.

राजकीय अडचण खोटी नव्हती, हेही मान्य करायला हवं. सिनेटमध्ये ६० मतं लागणार होती आणि डेमोक्रॅट पक्षाकडे तेवढी नव्हती. प्रतिनिधिगृहात एकाही रिपब्लिकन सदस्याने विधेयकाला मत दिलं नाही. सिनेटमध्ये तिघांनी दिलं: मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स आणि ऑलिंपिया स्नो, पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर. या तिघांनी आपल्या मतांच्या बदल्यात खर्चाला कात्री लावून घेतली. १३ फेब्रुवारीच्या रात्री अंतिम मतदान पाच तासांहून अधिक वेळ खुलं ठेवावं लागलं, कारण ६० वं मत देणारे शेरॉड ब्राउन आपल्या आईच्या अंत्यदर्शनासाठी ओहायोत होते. ते सरकारी विमानाने आले, मत दिलं आणि परत गेले. ६० विरुद्ध ३८. एक मत कमी पडलं असतं तर विधेयक तिथेच अडकलं असतं. स्पेक्टर यांना तर अडीच महिन्यांत पक्ष सोडावा लागला.

फ्लोरिडाचे रिपब्लिकन गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १० फेब्रुवारीला फोर्ट मायर्सच्या सभेत त्यांनी ओबामांचं स्वागत केलं, पॅकेजला पाठिंबा दिला, आणि व्यासपीठावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली. राज्याची तिजोरी कोरडी पडलेली होती, केंद्राचा पैसा येत होता. कुठल्याही मुख्यमंत्र्याने केलं असतं तेच क्रिस्ट यांनी केलं. पण त्या मिठीचं छायाचित्र त्यांच्याच पक्षातल्या विरोधकांनी पुढचं दीड वर्ष प्रचारात फिरवलं. सिनेटची उमेदवारी मार्को रुबिओंकडे गेली आणि क्रिस्ट यांचं त्या पक्षातलं राजकारण संपलं.

*

इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव या काळात सगळ्या अमेरिकेच्या नजरेत आलं. आरव्ही, म्हणजे ज्यात झोपायची, स्वयंपाकाची, न्हाणीघराची सोय असते अशा मोठ्या प्रवासी गाड्या, या परिसरात बनतात. कर्ज काढून, हौसेपायी घ्यायची ही वस्तू. त्यामुळे देशाला शिंक आली की एल्कहार्टला ताप भरतो. पेट्रोल महागलं, बँकांनी कर्ज देणं थांबवलं, आणि २००६ मध्ये ३ लाख ९० हजारांवर असलेली देशातली आरव्हींची विक्री २००९ मध्ये १ लाख ६५ हजारांवर आली. ९ फेब्रुवारी २००९ ला ओबामा पॅकेजच्या प्रचाराला निघाले ते थेट इथे. त्या वेळी इथली बेकारी १५ टक्क्यांच्या पुढे होती. थोड्याच आठवड्यांत ती २० टक्क्यांच्या जवळ पोहोचली.

ऑगस्टमध्ये ते पुन्हा या जिल्ह्यात आले, वाकारुसा गावात. बंद पडलेल्या आरव्ही कारखान्याच्या जागेत विजेवर चालणारे ट्रक बनवण्यासाठी नॅव्हिस्टार कंपनीला ३९ दशलक्ष डॉलर जाहीर झाले. २०१० च्या सुरुवातीला ‘थिंक’ या नॉर्वेच्या कंपनीने छोट्या विद्युत मोटारी एल्कहार्टमध्ये बनवण्याचं ठरवलं. चारशेवर नोकऱ्या मिळतील असं सांगितलं गेलं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की आरव्हीचं गाव आता विजेच्या गाड्यांचं गाव होणार. थिंक २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. नॅव्हिस्टारने ते ट्रक २०१३ मध्ये बंद केले.

आणि तरीही एल्कहार्ट सावरलं. कशाने? ज्या आरव्हींना सगळ्यांनी निकालात काढलं होतं त्यांनीच. २०१० मध्ये विक्री २ लाख ४२ हजारांवर गेली, २०१६ मध्ये ४ लाख ३० हजारांच्या पुढे. जून २०१६ मध्ये ओबामा तिसऱ्यांदा आले तेव्हा बेकारी ४ टक्क्यांच्या आसपास होती आणि कारखानदार माणसं मिळत नाहीत म्हणून तक्रार करत होते. पाच महिन्यांनी या जिल्ह्याने डोनाल्ड ट्रम्प यांना भरघोस मतं दिली.

पॅकेजच्या टीकाकारांना एल्कहार्टमधून एक पुरावा सापडतो: सरकारने ज्यावर पैसे लावले ते बुडालं, ज्यावर लावले नाहीत ते वाढलं. कोणता उद्योग उद्या चालेल हे सरकारी कचेरीत बसून ओळखण्याची शक्ती कमीच असते, ही टीका मला पटते. कॅलिफोर्नियातल्या सोलिंड्रा या सौरऊर्जा कंपनीला मिळालेली ५३५ दशलक्ष डॉलरची कर्जहमी २०११ मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या चौकशा झाल्या त्या योग्यच होत्या. पण एल्कहार्टच्या आरव्ही विकत कोण घेत होतं? टेक्सासमधला, ओहायोतला माणूस, ज्याची नोकरी टिकली होती आणि ज्याला बँक पुन्हा कर्ज द्यायला लागली होती. ती नोकरी टिकण्यात पॅकेजचा वाटा होता. फक्त तो त्या गाडीवर छापलेला नव्हता.

पॅकेजचा बहुतेक पैसा असाच, न दिसता गेला. जवळपास एक तृतीयांश भाग करसवलतींचा होता. पगारदार माणसाला ४०० डॉलर, जोडप्याला ८००. २००८ मध्ये बुश सरकारने घरोघर धनादेश पाठवले होते, आणि लोकांनी त्यातला बराचसा खर्च न करता बाजूला टाकला. म्हणून या वेळी अर्थतज्ज्ञांनी सुचवलं की एकरकमी देऊ नका. पगारातून होणारी करकपात थोडीथोडी कमी करा, दर आठवड्याला दहा-पंधरा डॉलर जास्त हातात पडतील आणि ते कळत-नकळत खर्च होतील. अर्थशास्त्र म्हणून हे चोख होतं. राजकारण म्हणून घात झाला. वर्षभरानंतरच्या पाहण्यांत, आपला कर कमी झाला हे फार थोड्या अमेरिकनांना ठाऊक असल्याचं आढळलं. उलट तो वाढला असं मानणारे त्यांच्यापेक्षा जास्त निघाले.

दुसरा मोठा ओघ राज्य सरकारांकडे गेला. अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांवर अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचं बंधन आहे. मंदीत कर कमी जमतो, म्हणजे नेमक्या वाईट वेळी राज्यांना शिक्षक, अग्निशमन दल, दवाखाने यांना कात्री लावावी लागते. केंद्राच्या पैशाने ती कात्री दोन वर्षं थोपवली. ऑक्टोबर २००९ अखेर सरकारने टिकलेल्या वा नव्याने आलेल्या ६ लाख ४० हजार नोकऱ्यांची पहिली मोजदाद दिली, तर त्यातल्या निम्म्या शिक्षणक्षेत्रातल्या होत्या. आता शिक्षिकेची नोकरी गेली नाही याची बातमी कशी करायची? ती काल शाळेत होती, आजही आहे. फीत कापायला काही नाही.

तिसरा भाग बेकारभत्ता आणि अन्नसाहाय्याचा. मूडीज संस्थेच्या मार्क झँडी यांच्या हिशेबाने अन्नसाहाय्यावरचा एक डॉलर अर्थव्यवस्थेत दीड डॉलरहून जास्त उलाढाल करतो, कारण गरिबाच्या हातातला पैसा त्याच आठवड्यात वाण्याकडे जातो. हे झँडी २००८ च्या निवडणुकीत ओबामांच्या प्रतिस्पर्ध्याचे, जॉन मॅकेन यांचे, सल्लागार होते. तरी ‘फुकटखाऊंची सोय’ हा शिक्का बसायचा तो बसलाच.

मग दिसण्यासारखं काय उरलं? रस्ते, पूल, रेल्वे. वाहतूक खात्याच्या वाट्याला ४८ अब्ज डॉलर आले. हाती घेतल्याबरोबर फावडं मारता येईल अशीच कामं घेऊ, असं सांगितलं होतं. पुढे ओबामांनीच एका मुलाखतीत कबूल केलं की तशी तयार कामं नसतातच. महाराष्ट्राला हे नवीन नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेत, दुष्काळ पडल्यावर कामं शोधत बसायला नको म्हणून, मंजूर आराखड्यांचा साठा आधीच तयार ठेवण्याची रीत घातली गेली. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते कागदावर तयार. मागणी आली की हजेरीपट सुरू. या साठ्याचा पुढे अनेक तालुक्यांत बोजवारा उडाला हे खरं, पण तत्त्व अचूक होतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाकडे २००९ मध्ये असा साठा नव्हता, आणि १५ वर्षं उलटल्यावरही मंदी येण्याआधी तो रचून ठेवण्याची शिस्त फारशा सरकारांनी अंगी बाणवलेली नाही.

*

विरोधाची एक तऱ्हा भारतीय वंशाच्या माणसाने दाखवली. लुइझियानाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनी २४ फेब्रुवारीला पक्षाच्या वतीने ओबामांच्या भाषणाला उत्तर दिलं, आणि उधळपट्टीचं उदाहरण म्हणून ज्वालामुखींवर देखरेखीसाठी ठेवलेल्या पैशाची थट्टा केली. महिना उलटायच्या आत, २२ मार्चला, अलास्कातला माउंट रेडाउट फुटला. थट्टा विसरली गेली, पण पद्धत चालू राहिली: हजार पानी कायद्यातली एक विचित्र वाटणारी ओळ शोधायची आणि सगळा कायदा तिच्यासारखा आहे असं सांगायचं. विधेयकाच्या विरोधात मत देणाऱ्यांनी मागच्या दाराने पैशाची मागणी केली, तीही याच काळात. विस्कॉन्सिनचे पॉल रायन यांच्या कार्यालयाने आपल्या भागातल्या कंपन्यांसाठी पत्रं लिहिल्याचं त्यांना २०१२ मध्ये, उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर मान्य करावं लागलं. याच विस्कॉन्सिनच्या नव्या गव्हर्नरांनी, आणि ओहायो व फ्लोरिडाच्याही, वेगवान रेल्वेसाठी आलेले कोट्यवधी डॉलर परत केले. ते करदात्याला मिळाले नाहीत. दुसऱ्या राज्यांना गेले.

सावरण्याच्या खुणा मात्र लवकरच दिसू लागल्या होत्या. मार्च २००९ मध्येच फेडरल रिझर्व्हचे बेन बर्नान्के टीव्हीवर हिरव्या कोंबांबद्दल बोलले. डाऊ निर्देशांक ९ मार्चला ६,५४७ वर तळाला लागून फिरला. जुनी मोटार मोडीत काढून नवी घ्यायच्या योजनेचे पहिले एक अब्ज डॉलर जेमतेम आठवडाभरात संपले. ऑक्टोबरअखेर तिसऱ्या तिमाहीची वाढ ३.५ टक्के असल्याचं जाहीर झालं. नंतर तीही खाली सुधारली. मंदी जून २००९ मध्येच संपली होती, असा निर्वाळा तज्ज्ञ समितीने दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. तेव्हा शंभरातले जवळपास साडेनऊ कामकरी अजून बेकार होते, आणि त्या बेकारांतले चाळीस टक्क्यांहून अधिक सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ काम शोधत होते. घर बँकेने जप्त केलेल्या माणसाला ‘मंदी संपली’ ऐकून काय वाटलं असेल! जो बायडन मात्र त्या उन्हाळ्याला उभारीचा उन्हाळा म्हणत देशभर हिंडत होते. नोव्हेंबरात डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा गमावल्या.

पुण्या-मुंबईच्या घरांनी ही मंदी दुसऱ्याच आकड्यात वाचली. एच-१बी व्हिसाचा वार्षिक कोटा एप्रिल २००८ मध्ये पहिल्याच आठवड्यात संपला होता, जवळपास दुप्पट अर्ज आले होते. एप्रिल २००९ चा कोटा भरायला डिसेंबरचा तिसरा आठवडा उलटावा लागला. पॅकेजच्याच कायद्यात एक कलम घातलेलं होतं: सरकारी मदत घेतलेल्या बँकांनी परदेशी तंत्रज्ञ घेताना आधी अमेरिकन माणूस शोधल्याचं दाखवावं. मुलाचं तिकडचं बोलावणं लांबलं, लग्नाची बोलणी थांबली, बाणेर-हिंजवडीतले फ्लॅट रिकामे राहिले, ते या सगळ्यामुळे.

भारतातही पॅकेज आलं आणि त्याची तारीखवारी पाहण्यासारखी आहे. ७ डिसेंबर २००८ ला केंद्राने उत्पादनशुल्क सरसकट ४ टक्क्यांनी घटवलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तेव्हा ब्लॉक क्लोजर, म्हणजे ठरावीक दिवस उत्पादन बंद ठेवणं, चालू होतं. २ जानेवारीच्या दुसऱ्या पॅकेजमध्ये शहरी बसखरेदीला मदत मिळाली. १६ फेब्रुवारीला प्रणब मुखर्जींनी हंगामी अर्थसंकल्प मांडला. दुसऱ्या दिवशी डेन्व्हरमध्ये ओबामांनी आपल्या कायद्यावर सही केली. २४ तारखेला मुखर्जींनी शुल्क आणखी उतरवलं. शेतकरी कर्जमाफी आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी यांची घोषणा मंदीच्या आधीची, पण पैसा बाजारात नेमक्या वेळी आला. निवडणूक एप्रिल-मे २००९ मध्ये होती आणि सत्ताधारी जिंकले. कर्जमाफी सातबाऱ्याशेजारी दिसते, थकबाकी बँक पासबुकात दिसते. पगारातले दहा डॉलर कुठेच दिसत नाहीत. इथल्या खर्चाची किंमतही मोजावी लागली. अडीच टक्क्यांची ठरवलेली वित्तीय तूट ६ टक्क्यांवर गेली, ती वेळेवर आवरली नाही, आणि पुढची काही वर्षं महागाईने लोकांना पिडलं.

बारा वर्षांनी अमेरिकेने उलट टोक गाठलं. कोविड काळात २०२० मध्ये २.२ ट्रिलियनचा कायदा झाला, मार्च २०२१ मध्ये १.९ ट्रिलियनचा आणखी एक. धनादेश या वेळी घरोघरी गेले, आणि पहिल्या लाटेच्या धनादेशांवर ट्रम्प यांचं नाव छापलेलं होतं. दिसण्याचा धडा दोन्ही पक्ष शिकले होते. पूर्वी १.८ ट्रिलियनचा आकडा गाळणारे समर्स आता पॅकेज फार मोठं आहे, महागाई भडकेल, असा इशारा देत होते. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोहोचली. सगळा दोष पॅकेजचा नव्हता, युक्रेनमधल्या युद्धाचा आणि तुटलेल्या पुरवठ्याचाही होता, पण समर्स या वेळी बरेचसे बरोबर ठरले. एल्कहार्टमध्ये एप्रिल २०२० ला बेकारी २५ टक्क्यांच्या वर गेली होती. २०२१ मध्ये देशात सहा लाख आरव्ही विकल्या गेल्या, हा विक्रम. मग महागाई आवरायला व्याजदर वाढले आणि २०२३ मध्ये आकडा ३ लाख १३ हजारांवर आला.

मतदारांनी दोन्ही चुकांची शिक्षा दिली, कमी खर्चाची २०१० मध्ये आणि जास्त खर्चाची २०२४ मध्ये. मला विचाराल तर मी दुसरी चूक पत्करेन. महागाई सगळ्यांना थोडीथोडी चावते, गरिबाला जास्त, हे मी हलक्यात घेत नाही. पण लांबलेली बेकारी ज्यांना गाठते त्यांचं ती हुनर, आरोग्य आणि संसार घेऊन जाते, आणि शेजारच्याला त्याचा पत्ताही नसतो. २००८ च्या मंदीत गेलेल्या नोकऱ्यांची संख्या भरून यायला मे २०१४ उजाडला. २०२० मध्ये त्याहून कितीतरी जास्त नोकऱ्या गेल्या, त्या जुलै २०२२ पर्यंत भरून आल्या. २०१० मध्ये कॉलेजातून बाहेर पडलेल्या आणि मिळेल त्या कामाला लागलेल्या मुलामुलींच्या हातून त्या मधल्या चार वर्षांत जे गेलं, ते त्यांना नंतर कोणत्याच पॅकेजने दिलेलं नाही.